तोलून घेतलेला एसएमपीएस

सनीनं आयुष्यात जेवढे म्हणून निर्णय घेतले, ते आधी त्याच्या तोंडातून बाहेर पडले आणि मग त्याला कळले. नववीत शाळा सोडायचा निर्णय त्यानं वर्गात उभं असताना, गणिताच्या सरांच्या देखत घेतला होता. कम्प्युटरचा निर्णयही त्याच जातीचा.

जुईनगरच्या त्यांच्या घरात टीव्हीखाली काही खोकी पडून होती. ती सनीच्या थोरल्या भावाची, स्वराजची. स्वराज तळोज्याला एका कंपनीत स्टोअर सांभाळायचा आणि पगार झाला की कम्प्युटरचा एखादा पार्ट घेऊन यायचा. तयार कम्प्युटर त्याला नको होता. आपल्या बजेटात, आपल्या पसंतीचा, आपल्या हातानं जोडायचा, असा त्याचा हट्ट. असं करत करत कॅबिनेट म्हणजे बाहेरची पेटी आली, मदरबोर्ड आला, प्रोसेसर आला, रॅम आली, आणि कंपनीतला दोस्त वरद याच्या ओळखीनं एक जुनं पण दणकट ग्राफिक्स कार्डही आलं. राहिलं होतं फक्त वीज पुरवणारं आणि गार ठेवणारं सामान. म्हणजे एसएमपीएस, कूलर आणि पंखे. ते यायच्या आत स्वराजला ताप आला. डेंग्यू निघाला. आठवडाभरात होत्याचं नव्हतं झालं.

खोकी राहिली. आई, बाळाबाई, रोज केर काढताना ती उचलायची, त्यांच्याखालून झाडायची आणि होती तिथंच पुन्हा ठेवायची. इतकी बरोबर, की खोक्यांना कळतही नसेल आपल्याला हलवलं म्हणून.

एका रविवारी वरद आला. नेरूळच्या सोसायटीतला, नीट भांग पाडणारा मुलगा. चहाचा कप त्यानं बराच वेळ नुसता हातात फिरवला.

"काकू, राग मानू नका. पण हे पार्ट नुसते पडून राहिले की त्यांचा भाव उतरतो. कुणीतरी चांगलं गिऱ्हाईक बघतो मी. म्हणजे, तुम्ही हो म्हणालात तरच."

बाळाबाईनं खोक्यांकडे पाहिलं नाही. "घिऊन जा बाबा," ती म्हणाली. "डोळ्याम्होरं नगं आता ते."

वडील, बाबासो, भिंतीला पाठ लावून बसले होते. आयुष्यभर मार्केटात त्यांनी पोती वाहिली होती आणि आता गुडघे गेल्यामुळे ते फक्त मत द्यायचं काम करायचे. त्या दिवशी त्यांच्याकडे मतही नव्हतं.

आणि सनी म्हणाला, "कोणी हात नाय लावायचा. मी जोडणार तो. पुढच्या रविवारी चालू करून दाखवतो."

सगळे त्याच्याकडे बघायला लागले. सनीनंही बघितलं असतं, पण स्वतःकडे बघता येत नाही.

"तू?" बाबासो म्हणाले. (एकच अक्षर, पण त्यात सनीचा सगळा इतिहास होता. मिक्सर दुरुस्त केला तेव्हा तीन स्क्रू उरले होते आणि मिक्सर तेव्हापासून फक्त उलटा फिरतो असं आईचं म्हणणं होतं. टीव्हीचा रिमोट मळला म्हणून त्यानं साबणानं धुतला होता. स्वराज तर पार्ट उघडून बसला की आधीच सांगायचा, "सनी, लांबून बघ." वरदला मात्र हात लावू द्यायचा. हे सनीच्या अजून मनात होतं.)

"न्हाईच झाला चालू, तर?" बाबासोंनी विचारलं.

"तर वरद घेऊन जाऊ दे," सनी म्हणाला. हेही तोंडातूनच गेलं.

आता सनीला कम्प्युटरमधलं काय कळत होतं? काही नाही. पण वजनातलं कळत होतं. तो बापाच्याच जागेवर कांदा-बटाटा मार्केटात माथाडी म्हणून लागला होता, आणि पोतं पाठीवर आलं की आत माल किती, ओला किती आणि माती किती, हे तो काट्यापेक्षा लवकर सांगायचा. निदान त्याचं तसं म्हणणं होतं. त्या धंद्याचं एक शास्त्र आहे. कांदा हलका लागला की आतून पोकळ. बटाटा हलका लागला की सुकलेला. जड ते खरं, हलकं ते खोटं. एवढ्या शास्त्रावर त्याचं आजवर निभावलं होतं, आणि एसएमपीएस घ्यायला तो तेच घेऊन निघाला.

वाशीला हरेशशेठचं दुकान होतं. खालपासून वरपर्यंत खोकी, आणि मधल्या फटीत हरेशशेठ.

"वीज देणारा पायजे," सनी म्हणाला. "एसएमपीएस. चांगल्यातला, पण बजेटमधला."

हरेशशेठनं कार्ड कोणतं, प्रोसेसर कोणता विचारलं. सनीनं खोक्यांचे फोटो काढून आणले होते, ते दाखवले. शेठनं मनात काहीतरी बेरीज केली आणि एक काळी पेटी काउंटरवर ठेवली. "साडेपाचशे वॉट. बस झाला. पाच साल टेन्शन नाय."

सनीनं ती एका हातानं उचलली, दुसऱ्या हातात घेतली, मग कानाजवळ नेऊन जराशी हलवली.

"भाऊ, नारळ नाय तो," हरेशशेठ म्हणाला.

"हलका वाटतोय."

"वॉट वजनात नसतो भाऊ."

सनी समजूतदारपणे हसला. दुकानदार असं बोलणारच. तो दुकानातून उतरला आणि तिथून सरळ तुर्भ्याच्या बाजूला एक ताडपत्रीखालचा माणूस माहीत होता, त्याच्याकडे गेला. त्याच्याकडे साडेसातशे वॉटचा होता. पेटीवर सोनेरी वाघ. किंमत हरेशशेठपेक्षा कमी. सनीनं हातात घेतला आणि त्याचा हात खाली गेला. असा ऐवज. असा भरीव. एवढ्याशा डब्यात एवढं वजन, म्हणजे आत काय काय ठासून भरलं असेल, या विचारानं तो भारावून गेला. त्यानं तो घरी बॅगेत आणला नाही. छातीशी धरून आणला, जसं कुणी बारशाला जाताना बाळ नेतं.

बाबासोंनीही तोलून पाहिला. "ह्याला म्हणायचं माल," ते म्हणाले. स्वराज गेल्यापासून चार महिन्यांत त्यांनी दिलेलं ते पहिलं मत.

बुधवारी वरद कामावरून सुटून आला. त्यानं वाघ पाहिला आणि त्याचा चेहरा पडला, पण तो चांगल्या घरातला असल्यामुळे बोलला नाही.

"स्वराजच्या पार्टना लावायच्या आधी हा एकटा टेस्ट करू," तो म्हणाला. "काकू, केसांचा आकडा आहे का?"

बाळाबाईनं अंबाड्यातला आकडा काढून दिला. सनीच्या मनात आलं, एवढं मोठं सायन्स आणि अडलंय आईच्या आकड्यावर. वरदनं त्या वायरींच्या जुडग्यातली एक हिरवी आणि एक काळी शोधून आकड्यानं जोडली, सगळ्यांना मागं सरकवलं आणि भिंतीवरचं बटण दाबलं.

पेटीतला पंखा फिरायला लागला. सनीला उभ्या उभ्या भरून आलं. आपण आणलेली वस्तू फिरते आहे. तो बापाकडे बघून मान हलवणार, एवढ्यात फट् असा आवाज झाला, वाघाच्या पोटातून धूर निघाला, आणि घरातली वीज गेली. फ्रिज थांबला, वरचा पंखा थांबला. बाजूच्या घरातून कुणीतरी ओरडून विचारलं, तुमचीपण गेली का.

"आता?" सनी म्हणाला.

"आता उघडू," वरद म्हणाला. "हा तसाही गेलाच."

चार स्क्रू काढले. आत चार-दोन जळके तुकडे होते, थोड्या वायरी होत्या, आणि त्यांच्या बाजूला, काळ्या रंगानं रंगवलेला, नीट कोपऱ्यात बसवलेला, सिमेंटचा एक गोळा.

सगळ्यांनी आत वाकून पाहिलं. सनी तर पार थक्क झाला होता. राग यायला हवा होता, तो नंतर आला. आधी आलं ते नवल. केवढी कलाकुसर. गोळा हलू नये म्हणून त्याला खाली गोंद लावला होता. वरून त्यावर एक खोटी वायरही चिकटवली होती.

बाबासोंनी गोळा हातात घेऊन फिरवून पाहिला. "पोत्यात धोंडा घालणारा मी उभ्या मार्केटात चालीवरनं वळखायचो," ते म्हणाले. "आन् माझ्याच पोरानं धोंडा छातीशी धरून घरी आणला."

"तुमी पण म्हणालात ना माल म्हणून."

"म्या धोंड्याला म्हणलो. धोंडा चांगलाच हाय."

बाळाबाईनं आपला आकडा परत मागितला. तो वाकडा झाला होता.

दुसऱ्या दिवशी सनी ड्युटीवरून थेट हरेशशेठकडे गेला. अंगाला कांद्याचा वास, आणि हातात पिशवी. हरेशशेठ काही विचारायच्या आत सनीनंच पिशवीतून सिमेंटचा गोळा काढून काउंटरवर ठेवला.

हरेशशेठनं गोळा बोटानं ठोकून पाहिला. "भाऊ," तो म्हणाला, "हा माझ्याकडे ठेवू का? गिऱ्हाईक ऐकत नाय तेव्हा दाखवायला."

"ठेवा. पण कोणी आणला ते सांगू नका."

"सांगतो, एका मोठ्या इंजिनिअरनं आणला."

मग शेठनं त्याला बसायला स्टूल दिलं आणि ती साडेपाचशेची काळी पेटी पुन्हा खाली घेतली. सनीनं आता ती उचलली नाही. हात मांडीवर ठेवून बसला.

"एक विचारू?" तो म्हणाला. "साडेपाचशे वॉट म्हणजे ते सारखे साडेपाचशे ढकलत राहणार का आत? दादाचे पार्ट जळणार नाय ना?"

"तू कुठे काम करतो?"

"माथाडी. कांदा-बटाट्याला."

"तुमची टोळी असते ना? दहा माणसांची टोळी. एक टेम्पो आला, अर्धाच भरलाय. दहा माणसं मिळून नसलेली पोती उतरवतात का?"

"नाय. आहे तेवढी उतरवायची. बाकीचे तंबाखू मळतात."

"तसंच. मशीन जेवढं मागतो तेवढंच हा देतो. जास्त मागितला तर जास्त देतो. काय नाय मागितला तर गप बसतो. आणि बाहेरून वीज उलटीसुलटी आली तर स्वतः बंद पडतो, पण तुझ्या दादाच्या सामानाला हात लावू देत नाय."

सनी त्या पेटीकडे बघत राहिला. मागेल तेवढंच देतो, आणि वेळ आली तर आपण मरतो पण मागच्याला वाचवतो. अशी माणसं त्यानं एक-दोनच पाहिली होती. वस्तू पहिलीच.

"द्या," तो म्हणाला. "आता गार करायचं दाखवा."

हरेशशेठनं आधी पाण्याचा कूलर दाखवला. मशीनच्या आत नळ्यांतून पाणी फिरतं. सनीनं दोन्ही हात मागे घेतले. विजेच्या पेटीत पाणी. त्याला वाटलं शेठ मागच्या गोळ्याचा सूड उगवतोय. शिवाय बजेट तिथंवर पोचतही नव्हतं. मग आला साधा हवेचा कूलर. जस्ती रंगाच्या पातळ पत्र्यांची एक चळत, मधून तांब्याच्या चार नळ्या गेलेल्या, आणि पुढ्यात पंखा.

"ह्या नळ्या भरीव नाय हां," हरेशशेठ म्हणाला. "आतमध्ये जरासं पाणी कोंडलेलं आहे. खाली प्रोसेसर तापला की त्याची वाफ होते, वाफ वर जाते, वर पंखा तिला गार करतो, परत पाणी होऊन खाली येते. पंप नाय, मोटर नाय. आपोआप."

"आणि ते पाणी संपत नाय?"

"जाणार कुठे? बंद आहे. मशीन आहे तोवर तेच पाणी वर जाणार, खाली येणार."

सनीनं नळीवर बोट ठेवलं. एवढ्याशा नळीत आभाळ आणि पाऊस दोन्ही कोंडून ठेवलाय कुणीतरी, आणि विकायला ठेवलाय, आणि दुकानात कुणालाच त्याचं काही वाटत नाही. बाजूला एक पोरगी माऊसचा रंग निवडत होती.

पेटीसाठी तीन पंखे घ्यायचे होते. साधे काळे होते आणि दिवेवाले होते.

"लाइटने गार नाय होत भाऊ," हरेशशेठनं आधीच सांगितलं.

"माहितीये. पण दिसतं तरी." (बजेट म्हणजे काय, तर जिथं मोडायचं नाही तिथं मोडत नाही, आणि जिथं मोडायचं तिथं आपोआप मोडतं.)

पंखे कुठे लावायचे, हे मात्र सनीला कुणाला विचारावं लागलं नाही. कांद्याच्या वखारीत हवा खालून शिरली पाहिजे आणि वरून निघाली पाहिजे, नाहीतर माल उबतो आणि सडतो, हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं. दोन पंखे पुढून आत घेणारे, एक वरून बाहेर टाकणारा. वरदनं फोनवर ते दोनदा सांगायला लावलं. "बरोबर आहे," तो म्हणाला. "दादानं सांगितलेलं का?" सनी म्हणाला, "कांद्यानं."

शनिवारी संध्याकाळी सनीनं खोकी उघडली. पहिल्यांदाच. मदरबोर्ड बाहेर काढला आणि तो तसाच मांडीवर घेऊन बसून राहिला. हे तर आपलंच जुईनगर, त्याच्या मनात आलं. सेक्टर पाडलेत, मधून सरळ रस्ते, कडेला उंच बिल्डिंगा, आणि प्रत्येक चौकात एक नंबर. फक्त माणसं यायची बाकी. दादा तासन् तास ह्याच्यात काय बघायचा, ते त्याला आता दिसलं. लांबून ते दिसण्यासारखं नव्हतंच.

कूलर मात्र त्यानं एकट्यानंच बसवायचा ठरवलं. वरदनं सांगितलं होतं, प्रोसेसरवर थोडी पेस्ट लाव, वर कूलर ठेव, स्क्रू आवळ. थोडी म्हणजे किती, हे विचारायचं राहिलं. सनीनं भाकरीला लोणी लावतात तशी लावली. कडेपर्यंत. दादाच्या प्रोसेसरला काही कमी पडायला नको. कूलरच्या पोटाला एक पातळ, चकचकीत, नवंकोरं प्लास्टिक होतं आणि त्यावर लाल अक्षरांत इंग्रजीत बरंच काही लिहिलेलं होतं. आता हा मुलगा कुठल्या घरात वाढलेला, ते लक्षात घ्या. त्या घरातल्या फ्रिजच्या मुठीवरचं प्लास्टिक फ्रिज आला तेव्हापासून तसंच होतं. टीव्हीच्या कडेचं तसंच होतं. बाबासोंच्या घड्याळाच्या काचेवरचं प्लास्टिक पिवळं पडून आत वाजले किती ते दिसत नव्हतं, तरी ते काढायची कुणाची छाती नव्हती. नव्या वस्तूचं प्लास्टिक काढणारा तो उधळ्या, अशी बाळाबाईची शिकवण. सनीनं उलट त्या प्लास्टिकच्या कडा बोटानं दाबून नीट चिकटवल्या आणि मगच कूलर आवळला.

रविवारी सकाळी वरद आला. त्यानं वायरी लावल्या, सनीनं पेटी धरली. टीव्हीलाच पडदा म्हणून जोडलं. सगळं तयार झालं तसे बाबासो गुडघ्यावर हात ठेवत उठले आणि देव्हाऱ्यातनं भंडाऱ्याची डबी घेऊन आले. कुलदैवत पालीचा खंडोबा. त्याच्या हळदीशिवाय त्या घरात साधी बादलीसुद्धा वापरात निघत नव्हती.

"काका, पेटीवर नको," वरद म्हणाला, पण तोवर मूठ सुटली होती. पेटीला वर जाळी होती. जाळीवर भंडाऱ्याचा पिवळा ढीग बसला. बाळाबाईनं त्यावर हात जोडले. सनीनं बटण दाबलं.

वरचा पंखा बाहेर हवा टाकणारा होता, हे आपण पाहिलंच आहे.

एकाच वेळी सगळं झालं. आत दिवे लागले, निळे, मग जांभळे, मग लाल, आणि त्यांच्यावरून भंडारा उसळून सरळ छताला गेला आणि तिथून सगळ्या खोलीत पसरला. दिव्यांचा रंग त्या पिवळ्या धुरळ्यात चढत होता. बाबासो पिवळे झाले, वरदचा भांग पिवळा झाला, बाळाबाईच्या पापण्यांवर हळद बसली. कुणी शिंकलं नाही, कुणी हललं नाही. सनी लहान असताना पालीच्या यात्रेत असाच भंडारा उधळला होता, आणि तो दादाच्या खांद्यावर बसून, दादाचे केस दोन्ही मुठींत धरून, वरून बघत होता. आता तो जमिनीवर उभा होता. त्याच्या मुठी तेवढ्या वळल्या.

"येळकोट," बाबासो हळू म्हणाले.

टीव्हीवर पांढरी अक्षरं आली. "हे मशीन स्वतःची तब्येत सांगतंय," वरद म्हणाला. "आत दुसरं काही टाकलेलं नाही अजून. तो कोपऱ्यातला आकडा बघ. प्रोसेसरचं टेंपरेचर."

आकडा साठ होता. मग अडुसष्ट झाला. वरद जरा पुढे सरकला. मग सत्त्याहत्तर.

"एवढं असतं का?" सनीनं विचारलं.

वरदनं कूलरचा पंखा फिरतोय का ते वाकून पाहिलं. शहाऐंशी. चढत जाणारा आकडा त्यानं एकदा पाहिला होता. तेव्हाही त्याच्या हातात काही नव्हतं, फक्त मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या होत्या, आणि दादा म्हणत होता, सनी, पंखा कर रे. ब्याण्णव. तो पेटीला हात लावायला धावला, पण हात लावून काय करणार होता? सत्त्याण्णव. आणि पडदा काळा झाला. दिवे गेले. पंखे दोन-चार वेळा रिकामे फिरले आणि थांबले.

भंडारा तेवढा अजून खाली येत होता.

बाळाबाईनं पदरानं डोळे पुसले. हळद होती म्हणून पुसले, की कशानं, ते विचारायचं नव्हतं. "ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "केलंस तेवढं लई केलंस. वरद, घिऊन जा बाबा आता."

सनीनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यातून काही बाहेर पडलं नाही.

वरदनं मान खाली घालून स्क्रू काढायला सुरुवात केली. आधी कूलर काढला. तो पालथा केला. मग तो तसाच हातात धरून थांबला.

"सनी. हे काय आहे?"

"काय?"

"हे."

"प्लास्टिक."

"ते दिसतंय मला. काढलं का नाहीस?"

सनीला प्रश्नच कळला नाही. "नवीन आहे ना तो," तो म्हणाला.

"अरे, ह्याच्यावर लाल अक्षरांत लिहिलंय, काढून मग बसवा."

"मला वाटलं गॅरंटी लिहिलीये."

वरद खाली बसला. आधी त्याचे खांदे हलायला लागले, मग त्याचं हसू फुटलं, आणि मग ते हसूच आहे की दुसरं काही, हे त्यालाही कळेना. "स्वराज असता ना," तो म्हणाला, आणि पुढचं राहिलं. "काही बिघडलेलं नाही, काकू. मशीन तापलं म्हणून स्वतःहून बंद झालं. त्याला जीव वाचवायला शिकवलेलं असतं. प्रोसेसर आणि कूलरच्या मधे हे प्लास्टिक आलं. गरमी वर जाणार कशी?"

बाळाबाईनं हात पुढे केला. वरदनं कूलर तिच्या हातात दिला. तिनं तो डोळ्यांजवळ नेला. पेस्टनं बरबटलेल्या त्या प्लास्टिकचा कोपरा तिनं नखानं उचकटला, आणि एका दमात, सरळ, ते सोलून काढलं. तिच्या हातून ह्या घरात निघालेलं ते पहिलं प्लास्टिक. खालून तांबं निघालं, आरशासारखं.

"काढायचं आसतं व्हय हे," ती म्हणाली.

"मंग फ्रिजचं?" बाबासोंनी विचारलं.

"फ्रिजला काय ताप आलाय? ते ऱ्हाऊ दे."

वरदनं सॅनिटायझरनं सगळं पुसलं आणि नवी पेस्ट वाटाण्याएवढी लावली. मग त्यानं स्क्रू-ड्रायव्हर सनीच्या हातात दिला आणि हात खिशात घालून मागे उभा राहिला. सनीनं कूलर बसवला. एकेक स्क्रू थोडा थोडा, आलटून पालटून. तीन स्क्रू उरले नाहीत. एकही उरला नाही.

बटण दाबलं. दिवे आले, पंखे आले, अक्षरं आली. चौघेही कोपऱ्यातल्या आकड्याकडे बघत राहिले.

एकोणचाळीस. चाळीस. एकेचाळीस.

मग चाळीस.

पुन्हा एकेचाळीस. पुन्हा चाळीस. तो वर जात नव्हता. सनीनं वाट पाहिली, आत्ता जाईल, आत्ता जाईल, पण तो आकडा तिथंच, शांत झोपलेल्या माणसाच्या छातीसारखा, जरासा वर आणि जरासा खाली. तांब्याच्या नळ्यांत ते एवढंसं पाणी वर जात असेल आणि खाली येत असेल. सनी त्याच्या पुढ्यात मांडी घालून बसला. त्याला उठावंसं वाटेना.

वरदनं आपली पिशवी उचलली. रिकामीच. खोक्यांचा विषय कुणी काढला नाही.

बाळाबाई पदर खोचून जवळ आली. टीव्हीवरच्या पांढऱ्या अक्षरांकडे, मग पेटीतल्या दिव्यांकडे, मग पुन्हा अक्षरांकडे तिनं पाहिलं.

"झाला म्हन की चालू."

"झाला."

"करतो काय ह्यो?"

वरदनं सांगायला तोंड उघडलं. व्हिडिओ, डिझाइन, गेम, त्याच्याकडे बरंच होतं. पण सनीचं तोंड नेहमीप्रमाणे आधी पोचलं.

"गार राहतो," तो म्हणाला.

बाळाबाईनं पेटीवर तळवा टेकवला. बराच वेळ ठेवला. खरंच गार होती. मग वाकून तिनं काचेतून आत पाहिलं. आत बरीच मोकळी जागा होती.

"मंग कोथमीर ठिवू का ह्यात?" ती म्हणाली. "फ्रिजात जागा न्हाई."